काशीच्या पदराची तिसरी गाठ

प्रिय आई,

शाळेत मी मुलांना पत्राचा मायना शिकवते. वडिलांना तीर्थरूप, धाकट्याला चिरंजीव, मैत्रिणीला प्रिय. गेलेल्या माणसाला काय लिहायचं, ते कुठल्याच पुस्तकात नाही. म्हणून मैत्रिणीला लिहितात तसं लिहिलं. तुला चालेल ना? तसं तू कुठे वाचणार आहेस! इथे असताना तुला अक्षर येत नव्हतं, मग आता कोण शिकवणार?

तू गेल्याला दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहिते आहे, कारण आपली काशी पहिल्या बाळंतपणाला सासरच्या महाळुंग्याहून माहेरी आली आहे. सातवा महिना आहे. आणि ती जेवत नाही.

रुसून जेवत नाही असं नव्हे. ताटावर हसत बसते, अर्धी भाकरी खाते आणि उठून हात धुते. का, म्हणून विचारलं की तुझं नाव सांगते. आबांचं ऐकत नाही, माझं ऐकत नाही, चिंचवडच्या डॉक्टरीणबाईंचं ऐकत नाही. ऐकेल ती फक्त तुझं, आणि तू नाहीस. मग मी दुसऱ्या कोणाला लिहू?

आज रविवार, शाळा नाही. दुपारची वेळ. मी आपल्या ओट्यावर बसून वहीच्या मागच्या पानांवर हे लिहिते आहे आणि काशी समोर सुपात तांदूळ निवडते आहे. तिची मनगटं तू पाहायला हवी होतीस. बांगड्या कोपराकडे घसरतात. सगळं अंग वाळलं आहे आणि मध्ये तेवढं पोट. तेही सातव्याचं वाटत नाही.

तुला आठवतं, काशीला सांगितलेलं टिकत नाही म्हणून तू एक युक्ती काढली होतीस? एखादी गोष्ट पक्की राहायला हवी असली की तिच्या झग्याच्या टोकाला गाठ मारायचीस. गाठ मारता मारता ती गोष्ट तिच्या कानात सांगायचीस आणि तिच्याकडून तीनदा म्हणवून घ्यायचीस. मग ती दिवसभर गाठ मुठीत धरून फिरायची. म्हशीला पाणी पाजायचं, पाजून झालं की गाठ सोडायची.

तिला सासरी पाठवताना, बैलगाडी जुंपून उभी होती आणि सगळे घाई करत होते, तेव्हा तू तिच्या नव्या लुगड्याच्या पदराला तीन गाठी मारल्यास. मी शेजारीच उभी होते, म्हणून मला तिन्ही ठाऊक आहेत.

"सासू बोलली तर उलटून बोलू नगं."

"भर दुपारी येकटी हिरीवर जाऊ नगं."

"आन् पोटुशी ऱ्हायलीस की अर्ध्या पोटी ऊठ. पोर ल्हान, तर बाळातपन सोपं."

काशीनं तिन्ही तीन तीनदा म्हटल्या. या गाठी सोडायच्या कधी, ते तू सांगितलं नाहीस. म्हणून तिनं त्या कधी सोडल्याच नाहीत. लुगडं बदललं की नव्या पदराला तीन गाठी मारते. धुताना सैल झाल्या तर ओठ हलवत पुन्हा आवळते. गेल्याच्या गेल्या सोमवारी ती आली आणि मी तिचं गाठोडं सोडलं, तर आतल्या दोन्ही लुगड्यांना तीन तीन गाठी होत्या.

मी सात वर्षं तिला बेचा पाढा शिकवला, आई! बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ, बे पंचे दहा. तिथपर्यंत यायची आणि पुढे माझ्याकडे बघून हसायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा बे एके. आज मी लोकल बोर्डाच्या शाळेत बाई म्हणून उभी राहते, पाठ न होणाऱ्या मुलांना पाठ करवून घेते, आणि माझ्या सख्ख्या बहिणीला बे सक बारा सांगता येत नाही. पण तुझी गोष्ट तिनं तीन वर्षं जशीच्या तशी सांभाळली. सांभाळायची ती नेमकी हीच का गं?

तू वाईट हेतूनं सांगितलं नाहीस, मला ठाऊक आहे. थोरली काकू अडली तेव्हा तू नवी सून होतीस. मूल मोठं होतं म्हणून दोन्ही जीव गेले, असं सुईण म्हणाली आणि ते तुझ्या मनात बसलं. मग माझ्या वेळी तुझे तीन दिवस गेले. तेव्हा काशीच्या वेळी भिवराबाई सुईणीनं सांगितलं, "बयो, आवंदा तोंड आवर," आणि तू आवरलंस. काशी मुठीएवढी झाली. चुलीवर ठेवलेलं पाणी तापायच्या आत झाली, असं तू किती कौतुकानं सांगायचीस! तुला वाटलं, सापडली वाट. ती वाट तू लेकीला दिलीस.

मी तेव्हा पाच वर्षांची होते. तू ताटावरून उठायचीस ते मला आठवतं. मी विचारायचे, आई, तुला भूक नाही? तू म्हणायचीस, "न्हाई गं, मला कुटली भूक!" मला खरंच वाटायचं.

आता दुधाचं बोलते. बोलू नये, पण बोलते.

आपल्या दोन म्हशी होत्या. आबा धार काढून किटल्या सायकलला अडकवायचे आणि दापोडीवरून खडकीच्या छावणीत जायचे. लढाईचे दिवस होते, सोल्जरांच्या चहाला कितीही दूध कमीच पडायचं आणि आपलं सगळं दूध तिकडे जायचं. घरात मागे राहायचा एक पेला. तोच, पितळेचा, कडेला चेपलेला. अजून आहे. तो तू माझ्या हातात द्यायचीस आणि म्हणायचीस, "शिकनाऱ्या डोक्याला दूद लागतं."

म्हणजे तुला ठाऊक होतं, आई! कागदावर अंगठा उठवणाऱ्या तुला ठाऊक होतं, की पोटात काय जातं त्याचा डोक्याशी संबंध असतो. मग एकट्या माझ्याच डोक्याशी का? काशीचं डोकं शिकणारं नव्हतं म्हणून त्याला दूध नको? की दूध मिळालं नाही म्हणून ते शिकणारं झालं नाही? आधी काय झालं? मला कोणी सांगेल का?

काशी तेव्हा दोन-अडीच वर्षांची होती. तुझ्या अंगावरचं दूध तिला पुरलं नव्हतं. अर्ध्या पोटी उठणाऱ्या बाईला ते कुठून येणार? तू भाकरी पाण्यात कुस्करून, मिठाचा खडा टाकून तिला भरवायचीस. ती मुकाट्यानं खायची. आपण सगळ्यांना सांगायचो, पोर किती शहाणी, रडतसुद्धा नाही! आता डॉक्टरीणबाई म्हणतात, रडायलाही अंगात जोर लागतो.

मी दूध प्यायला बसले की ती समोर येऊन बसायची. मागायची नाही. माझं पिऊन झालं की मी पेला तिच्याकडे द्यायचे आणि ती तळाची साय बोटानं पुसून चाटायची. मला वाटायचं, मी किती चांगली बहीण!

एकदा मात्र तिनं हात पुढे केला. "आक्का, येक घोट." त्या दिवशी माझी परीक्षा होती. मी तिच्याकडे पाठ केली आणि एका दमात पेला रिकामा केला. ओठ पुसून वळले, तर तिचा हात तसाच पुढे होता. त्या परीक्षेत मी वर्गात पहिली आले. तू आळीत गूळ वाटलास.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुलाही सांगितलं नव्हतं. तू पाहिलं होतंस का? चुलीपाशी होतीस, कदाचित पाहिलंही असशील. मग बोलली का नाहीस?

मला हे सगळं इतक्या उशिरा का सुचतं, तेही सांगते. शाळेत आता परदेशी दुधाची भुकटी येते. मोठ्या पातेल्यात गरम पाणी घालून ती कालवायची आणि मुलांना वाटायची. तिला वास येतो, मुलं नाक धरून पितात. परवा एक चिमुरडी म्हणाली, "बाई, ही म्हस कुटल्या गावची वो? तिला आंगूळ घालत न्हाईत काय?" सगळा वर्ग हसला, मीही हसले. पण जी मुलं पहिल्या तासाला भिंतीला टेकून डोळे मिटतात, तीच दूध प्यायल्यावर फळ्याकडे बघतात. काल न आलेलं आज सांगतात. मी ते वहीत टिपून ठेवायला लागले होते, कोणाला काय आलं, कधी आलं. मग टिपायचं सोडून दिलं. प्रत्येक नावापाशी मला काशीचा पुढे केलेला हात दिसायला लागला.

मागच्या वर्षी आम्हा शिक्षिकांचा एक दिवसाचा वर्ग झाला. तिथे एक डॉक्टरीणबाई बोलल्या. म्हणाल्या, "मुलाचा मेंदू आईच्या पोटातच बांधायला लागतात. पुढची दोन वर्षं काम चालू असतं. विटा कमी आल्या तर गवंडी थांबत नाही, तो भिंत आखूड बांधून मोकळा होतो." मी उभी राहिले. विचारलं, मग नंतर विटा आणल्या तर? त्या म्हणाल्या, "थोडं होतं, बाई. लवकर आणल्या तर."

लवकर! काशी तेव्हा सतरा वर्षांची होती.

आता ती आली तेव्हा मी तिला दुसऱ्याच दिवशी त्यांच्याच दवाखान्यात चिंचवडला नेलं. त्यांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली, आत पांढरी फटक. "रक्त कुठे आहे हिच्या अंगात? काय खाते ही?" काशी खाली मान घालून म्हणाली, "खाती की. आर्दी भाकर, दोन्ही वक्ताला." डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं: दूध, शेंगदाणे, डाळ, पालेभाजी, जमलं तर अंडं. पोटभर. दोन जिवांचं.

काशीला बाहेर बसवून मी त्यांना दोन गोष्टी विचारल्या. पहिली: हिच्या ध्यानात राहत नाही, ते खाण्यामुळे का? त्या म्हणाल्या, "ते आता कोणी सांगू शकणार नाही. जन्मताना श्वास उशिरा आला असेल, लहानपणी ताप डोक्यात गेला असेल, किंवा काहीच नसेल. पण उपास घडला नसता तर बरं झालं असतं, एवढं मी सांगते." दुसरी: पोटभर खाऊन बाळ मोठं झालं आणि ती अडली तर? त्यावर त्या म्हणाल्या, "ती लहानखुरी आहे. अडणारच नाही, असं मी लिहून देत नाही. पण उपाशी अंगाला कळा सोसवत नाहीत. मी असते तर खायला घातलं असतं."

म्हणजे तुझी वाटही खात्रीची नव्हती आणि त्यांचीही नाही. मधे मी. तू एका बाजूनं ओढतेस, त्या दुसऱ्या बाजूनं, आणि दोघींनाही काशीचं भलंच हवं आहे. मी कशी ठरवू?

परत येताना गाडी पिंपरीवरून आली. तिथे तो औषधाचा नवा कारखाना झालाय, तुला आठवत असेल, तू असतानाच त्याच्या भिंती वर येत होत्या. काशी खिडकीतून बघत म्हणाली, "आक्का, येवड्या मोट्या चुलीवर कशाचं आवशीद शिजवत्यात?"

"जखमेचं. तापाचं."

"मग माज्या ध्यानाचं पन शिजवत आसतील काय?" आणि हसली.

आपण तिच्यासमोर कधी एक शब्द काढला नाही, आई. पण तिला ठाऊक आहे! पहिल्यापासून ठाऊक असणार. मी रस्त्याकडे बघत बसले.

मग मी जमेल ते सगळं करून पाहिलं. भिवराबाईंकडे गेले. म्हटलं, तुम्ही सांगा तिला, तुमचं ऐकेल. त्या पान जुळवत म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुमी पोरं शिकवा, पोरं काडायचं आमच्यावर सोडा. पोरगी आईच्या वळनावर हाय, चांगलं हाय." आणि काशीच्या पाठीवरून हात फिरवून तिला शाबासकी दिली. मी मदत मागायला गेले होते, गाठ आणखी घट्ट करून आले.

मग गोठ्यात जाऊन काशीला म्हशीचं उदाहरण दिलं. आपली चंद्री गाभण आहे. काशी आल्यापासून तिचं सगळं काशीच बघते. तुला ठाऊक आहे, जनावराच्या बाबतीत तिचं काही चुकत नाही. चंद्री किती दिवसांनी विणार हे ती नुसता हात लावून सांगते. मी म्हटलं, "हिला आंबोण दुप्पट का घालतेस गं?"

"गाभन हाय की ती."

"मग तू?"

काशी सरकीची पाटी खाली ठेवून खदखदून हसली. "आक्का, तू बी! म्हस दूद देती. मी काय देती?"

या प्रश्नाला उत्तर असेल तर कळव, आई. मला तेवीस वर्षांत सापडलं नाही. तूही गाभण म्हशीला सरकी घालायचीस आणि स्वतः ताटावरून उठायचीस.

मग मी चोरी केली. होय, चोरीच. तिची भाकरी मी वेगळी थापायला लागले, पिठात शेंगदाण्याचं कूट आणि चमचाभर तूप मळून. अर्ध्या भाकरीत जेवढं जाईल तेवढं जाऊ दे! दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी तिनं घास तोंडात फिरवला आणि म्हणाली, "पिटात काय घातलंयस?" ती रागावली नाही. त्या दिवसापासून अर्धीची पाव भाकरी झाली. कुटाचा हिशेब तिला बरोबर कळला! कोण म्हणतं हिला डोकं नाही?

शुक्रवारी मात्र माझा तोल गेला. मी म्हटलं, "काशे, आई चुकली. मोठी माणसंही चुकतात. आई चुकली होती."

ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला कोणी मारल्यासारखी बघत राहिली. मग गोठ्यात जाऊन चंद्रीच्या पाठीवर डोकं टेकून उभी राहिली. त्या दिवशी तिनं पाव भाकरीही खाल्ली नाही. सातव्या महिन्यात दिवसभराचा उपास, आणि तो मी घडवला! तू नाही, मी.

आबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "गेलेल्या मानसाची चूक काडून तिचं पोट भरनार हाय का? तुज्यापाशी चार बुकं हायती, नोकरी हाय. तिच्यापाशी आईचं येवडंच ऱ्हायलंय. ते तरी ऱ्हाऊ दे."

आबा म्हणाले ते खरंच आहे. मला तू दूध दिलंस, शाळा दिलीस, पाटी-पेन्सिलीसाठी आबांशी भांडलीस. काशीला तीन गाठी दिल्यास. त्यातली एक मी काढून घ्यायला बसले.

पण ती नाही काढली तर? त्या पोटातल्या भिंती आत्ता, मी लिहिते आहे तेव्हाही, कोणीतरी आखूड बांधतो आहे. आणखी दोन महिने. मग माझ्या शाळेत ते मूल येईल, भिंतीला टेकून बसेल, मी बे एके बे म्हणेन आणि ते माझ्याकडे बघून काशीसारखं गोड हसेल. ते हसू मला पुन्हा बघवणार नाही गं!

इथपर्यंत लिहिलं आणि काशीनं सूप खाली ठेवलं. आत्ता जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

"आक्का, कवाधरनं लिवतीस. कुनाला?"

मला खोटं बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, "आईला."

तिला त्यात काही नवल वाटलं नाही. "आईला कुटं वाचता येतंय?"

"नाही येत."

"मग तिकडं कुनीतरी वाचून दावील. आसंल की तुज्यासारकी येकादी मास्तरीण." मग तिनं चार खडे वेचले. "म्हंजी आईचं उत्तर बी तीच लिवील, व्हय ना?"

मी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, मलाच कळलं नाही.

"काय इचारलंयस आईला?"

"तू पोटभर खावंस का, ते."

तिनं पदराचं टोक पुढे घेतलं. पहिली गाठ चाचपली, दुसरी चाचपली, तिसरीवर थांबली. "ती म्हनली तर खाईन. पन तिनंच म्हनलं पायजे." आणि मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाली, "मला बी भूक लागती, आक्का. लई लागती."

आई, तिला भूक लागते! तू मला सांगायचीस, मला कुठली भूक, आणि मी विश्वास ठेवायचे. ही खोटं सांगत नाही. ही भूक लागलेली असताना रोज हसत हात धुते, तू सांगितलंस म्हणून.

गेल्या महिन्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीनं बापाच्या नावानं रजेची चिठ्ठी स्वतःच लिहून आणली होती. अक्षर ओळखून मी तिला तासभर उभं केलं. सगळ्या वर्गाला सांगितलं, दुसऱ्याच्या नावानं लिहिणं हे सगळ्यात वाईट खोटं, कारण ज्याचं नाव घेतलं त्याला नाही म्हणता येत नाही. मी ते मनापासून सांगितलं होतं. अजूनही मला ते पटतं.

आणि तरी काशी सूप उचलून आत गेल्यापासून मी या वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानाकडे बघते आहे.

तुला नाही म्हणता येणार नाही. म्हणूनच आधी विचारते आहे. विचारल्यासारखं तरी करते आहे. तू असतीस आणि तिचं मनगट पाहिलं असतंस तर काय म्हणाली असतीस? तुझी माया मला ठाऊक आहे, पण थोरल्या काकूची तुझी भीतीही ठाऊक आहे. तू काय म्हणाली असतीस ते मला खरंच सांगता येत नाही. ते सांगता आलं असतं, तर ही चिठ्ठी इतकी खोटी झाली नसती.

तरी मी लिहिणार आहे. उद्या लगेच नाही, पत्र जायला-यायला दिवस लागतात हे काशीला कळतं. बुधवारी ती जेवायला बसली की तुझं उत्तर वाचून दाखवीन. थोडंच लिहीन. 'काशे, तिसरी गाठ सोड. तिचं काम झालं. आता पोटभर खा.' पहिलीबद्दलही मला पुष्कळ म्हणायचं आहे, पण तुझ्या नावानं एकच.

तुला वचन देते. तुझ्या तोंडी मी यापुढे आणखी एकही शब्द घालणार नाही. काशी अडली, तर मी तिला दवाखान्यात घेऊन जाईन, भिवराबाई काहीही म्हणोत. आणि तिथे काही वाईट झालं, तर आबांना, तिच्या सासरच्यांना, आणि ती ऐकण्याजोगी असली तर काशीलाही मीच सांगेन, की ते आईनं म्हटलं नव्हतं, मी म्हटलं होतं. तुझं नाव मधे येऊ देणार नाही. ती सुखरूप सुटली, तर ते तिच्या आईचं उत्तर म्हणूनच राहील. मी कधी फोडणार नाही.

आणि ते मूल कसंही निघो, शिकणारं की न शिकणारं, तो चेपलेला पेला रोज त्याच्या हातात जाईल. त्याआधी काशीच्या हातात.

आता पान उलटते. तुझं उत्तर तुझ्या बोलीत लिहायला हवं, नाहीतर काशी ओळखेल. पहिलाच शब्द लिहिला आणि सवयीनं शुद्ध करून टाकला. खोडून पुन्हा लिहिते.

तुझी,
पेलाभर दुधावर वाढलेली,
शेवंता